आवर्तन

आडगाव मागं पडलं, आणि हायवेचा आवाज
कुणी कपाटात ठेवून कडी लावावी तसा बंद झाला.
आता फक्त डावा कालवा, कडेची मुरमाची वाट
आणि पुढं वन्सं:
वय त्रेसष्ट, हेल्मेटखालून ओघळलेला अबोलीचा गजरा,
कॅरियरला दोन्हीकडं पिशव्या.
एकीत पंप, पाना, पंक्चरचं सामान,
दुसरीत दशम्या, आणि वेळ आलीच तर म्हणून पावशेर बेसन.

मला सायकल त्यांनीच शिकवली,
मी प्रेसमधून रिटायर झाले त्या उन्हाळ्यात,
जेलरोडच्या मैदानावर, रात्री नऊनंतर,
कुणी बघू नये म्हणून.
एकतीस वर्षं मी नोटा मोजल्या, ज्या माझ्या नव्हत्या.
बोटांची खोड गेलेली नाही.
विजेचे खांब मोजते, वन्संच्या पायडलचे फेरे मोजते,
दीडशेच्या पुढं चुकते.
चुकलं तरी दारावर कुणी झडती घेत नाही.

कालव्याची वाट चढत नाही.
टेकाड आलं की त्याच्या कमरेवरून वळून जाते.
खाली गंगेचं खोरं,
हवा शिरून जागोजागी फुगलेल्या गोधडीसारखं,
त्यावर द्राक्षबागांचे टाके.
"पाण्याला कळतं, कुठं वाद घालायचा नाही ते,"
वन्सं मान न वळवता म्हणतात.
स्वतः त्या जन्मात एकही टेकाड
वळसा घालून गेलेल्या नाहीत.

कालवा कोरडा होता.
तळाशी चिखलाच्या पापड्या, एकुलती एक चप्पल.
फाट्याच्या दाराशी पाटकरी बसलेला,
धोंडीराम पेखळे, स्क्रूला ग्रीस चोळत.
"थांबा घडीभर. आवर्तन सुटलंय."

आलं ते पाण्यासारखं नव्हतंच.
एक तपकिरी जीभ, कडेनं फेसाची किनार,
पुढं ढकललेल्या सुबाभळीच्या शेंगा,
थर्माकोलची ताटली, तिच्यावर मुंग्यांचा अख्खा गाव.
बगळे एकेक पाऊल मागं सरत
तिच्या तोंडापुढनं काहीतरी टिपत होते.
खड्डा आला की पाणी थांबायचं,
तो काठोकाठ भरायचं, मगच निघायचं.
एकही खड्डा उधारीवर ठेवला नाही त्यानं.

"याच्याबरोबर चालवू," मी म्हणाले.
बोलायला सोपं.
पाण्याच्या तोंडाला धरून चालवायची
म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं;
आणि सायकल वेगानं पडत नाही तेवढी हळूपणानं पडते.
वन्संनी दोनदा पाय टेकला.
तिसऱ्यांदा उतरल्याच, हेल्मेट काढलं,
आणि सायकल हातात धरून चालायला लागल्या,
पाण्याला उद्देशून काहीतरी पुटपुटत.

मी नाही उतरले.
अर्धं पायडल. थांब. किंचित डावीकडं.
पुन्हा अर्धं,
गड्डीच्या कडेवरून अंगठा सोडावा तेवढंच.
मागून वन्सं ओरडल्या,
"कुमुदे, हे मी नव्हतं शिकवलं!"
ओरडणं होतं की तक्रार, कोण जाणे.
एक वेडा राघू तारेवरून उठला, परत बसला.
टायरखाली मुरूम एकेक खडा करून बोलत होता.

पुढच्या फाट्यावर निम्मं पाणी बागेत वळलं.
उरलेलं आणखी हळू झालं,
आणि तिथं मीही पडले,
गुडघा खरचटून, सरळ उंबराच्या मुळांवर.
वन्सं येईपर्यंत उठले नाही. हसत होते.

रात्री शाळेच्या ओट्यावर पथारी टाकली.
त्यांनी बेसनाचं पिठलं केलंच, तिखटजाळ,
आणि गुडघ्याला हळद लावताना विचारलं,
पुढच्या चाकात हवा आहे ना.

मग केव्हातरी, कुत्री गप्प झाल्यावर,
आमच्या उशाशी ते पोचलं,
निम्म्याचं निम्मं झालेलं, तरी चाललेलं.
सवयीनं मी मोजायला बोट उचललं.
काय मोजायचं ते ठरेना.
तेवढ्यात ते पुढं गेलं.